रॉटरडॅममधला मोकळा रविवार : वॉटरबस आणि किंडरडाइकच्या पवनचक्क्या

फेब्रुवारी उजाडला की तासगाव, पलूस आणि मिरज पूर्व भागातल्या पॅकहाऊसमधून द्राक्षांचे कंटेनर न्हावा शेव्याकडे निघू लागतात आणि त्यांतले बरेचसे पुढे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात, हे आपल्याकडच्या बागायतदारांना सांगायला नको. माल तिकडे पोचल्यावर त्याची अवस्था डोळ्यांनी पाहण्यासाठी निर्यातदारांची माणसेही हंगामात तिकडे जाऊन राहतात. मी स्वतः गेली काही वर्षे याच कामासाठी महिना-दीड महिना रॉटरडॅमच्या दक्षिणेला, शीतगृहांच्या वस्तीजवळ मुक्कामाला असतो. आठवड्याचे सहा दिवस कामात जातात आणि सातव्या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्यांदाच जाणाऱ्या प्रत्येकाला पडतो. यंदा सांगलीहून निघालेल्या दोन तरुण सहकाऱ्यांनी मला तोच प्रश्न विचारला. त्यांना तोंडी दिलेले उत्तर इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून एप्रिलच्या अखेरीस मी अनुभवलेल्या एका रविवारचे, त्या दिवशी वापरलेल्या बोटसेवेचे आणि पाहिलेल्या ठिकाणाचे हे सविस्तर परीक्षण लिहितो आहे.

आधी कामाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय त्या सुट्टीची किंमत कळणार नाही. शीतगृहात तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. कंटेनर उघडला की पेट्या काढून घडाचा देठ हिरवा राहिला आहे का, मणी किती गळले आहेत, कूज रोखण्यासाठी पेटीत ठेवलेल्या ग्रेप गार्डच्या कागदामुळे मण्यांवर पांढुरके डाग पडले आहेत का, कुठे कूज लागली आहे का, हे सगळे तपासावे लागते, त्याची छायाचित्रे काढावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत सांगलीला कळवावे लागते. 2023च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि प्रवासाचे दिवस वाढले. पाण्यावर काढलेला प्रत्येक जादा दिवस घडाच्या देठावर दिसतो. आपल्या ओळखीच्या शेतकऱ्याने वर्षभर जपलेला माल इथे दुसऱ्या दर्जात काढला जात असताना शेजारी उभे राहावे लागते आणि तो ताण हॉटेलच्या खोलीत परतल्यावरही उतरत नाही. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी मला गर्दी नको असते. पुष्कळ जण आम्सटरडॅमला किंवा ट्युलिपच्या बागांना जातात आणि ती ठिकाणे सुंदर आहेतच, परंतु तिथून माणूस थकून परत येतो आणि सोमवारी पहाटे पुन्हा कंटेनर वाट पाहत असतो.

त्या रविवारी मी एरास्मस पुलाखालच्या धक्क्यावरून वॉटरबस पकडून किंडरडाइकला गेलो. हे लिहिताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. 2019च्या ऑगस्टनंतर मी बोटीत पाऊल ठेवले नव्हते. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट असते, एवढे सांगितले तरी सांगलीकराला बाकीचे आठवेल. आमच्या आईला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बचाव पथकाच्या रबरी बोटीत उतरवले, तेव्हा मी तिचा हात धरून होतो, आणि त्या बोटीच्या काठावरून गढूळ पाणी आत येत होते. त्यामुळे बोट म्हटले की सुटका आणि भीती या दोन्ही गोष्टी मला एकदमच आठवतात. रॉटरडॅमला इतकी वर्षे जाऊनही मी नदी पुलावरूनच ओलांडत होतो. यंदा शेजारच्या खोलीतल्या केरळच्या सहकाऱ्याने, ज्याच्या गावी शाळकरी मुलेही बोटीने जातात, फार आग्रह केला आणि तो स्वतः आला नाही तरी मी निघालो.

वॉटरबस म्हणजे आपल्याकडच्या एसटीसारखी सार्वजनिक वाहतूक आहे, फक्त ती नदीवरून चालते, आणि या सेवेचे मूल्यमापन पर्यटकांची सहल म्हणून न करता गावोगावच्या माणसांची गाडी म्हणूनच केले पाहिजे. माझ्या बोटीत फिरायला निघालेली कुटुंबे होती, तशीच चर्चमधून घरी परतणारी वृद्ध जोडपी होती आणि कामावर चाललेली एक परिचारिकाही होती. सायकली विनामूल्य नेता येतात, त्यामुळे मागच्या उघड्या भागात सायकलींची रांग लागलेली होती. धक्का तरंगता आहे. रॉटरडॅमपाशी नदीला समुद्राची भरती-ओहोटी जाणवते, तेव्हा पाण्याबरोबर धक्काही वर-खाली होतो आणि त्याला किनाऱ्याशी जोडणाऱ्या उताराचा कोन तेवढा बदलतो. ही साधी रचना मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. बोट लागल्यावर कर्मचाऱ्याने दोर अडकवला, फाटक उघडले, चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांना आधी आत घेतले आणि ठरलेल्या मिनिटाला बोट सुटली. यात कुठेही घाई, आरडाओरडा किंवा धक्काबुक्की नव्हती. तिकीट मी कार्डाने काढले. भाडे वर्षागणिक बदलत असल्याने इथे आकडा देत नाही, परंतु टॅक्सीच्या मानाने ते अगदीच कमी आहे आणि शहरातल्या बसच्या मानाने थोडे जास्त आहे, एवढा अंदाज पुरेसा ठरावा.

बोट सुरू झाली तेव्हा मी आतल्या बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. बोट जलद जाते, पण रुंद बांधणीमुळे हेलकावे फार कमी बसतात, आणि पाचेक मिनिटांत माझा हात आपोआप सुटला. मोठ्या काचांमधून मागे एरास्मस पूल दिसत राहतो. 1996 साली खुला झालेल्या या पुलाचा एकच वाकडा मनोरा 139 मीटर उंच आहे आणि त्या आकारामुळे तिथले लोक त्याला हंस म्हणतात. पुढे लाल रंगाचा विलेम पूल येतो. दोन्ही काठांवर जुनी इमारत क्वचितच दिसते, कारण 14 मे 1940 रोजी झालेल्या बाँबवर्षावात शहराचा मध्यभाग जवळजवळ पूर्ण नष्ट झाला होता आणि आज दिसणारे शहर त्यानंतर उभे राहिले आहे. व्हान ब्रीनेनोर्ड पुलाच्या दोन भल्या मोठ्या कमानी गेल्या की शहर सुटते आणि जहाजबांधणीचे कारखाने सुरू होतात. मालवाहू बजरे, ज्यांच्या मागच्या बाजूला चालकाच्या कुटुंबाचे घर, खिडकीत पडदे आणि छपरावर मोटार ठेवलेली असते, एकामागून एक समोरून येत होते. रविवार असूनही ती वाहतूक थांबलेली नव्हती, पण तिचा आवाज असा काहीच नव्हता. अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ हा प्रवास चालतो, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मी बोटीतून उतरून लगेच परत फिरलो असतो तरी सुट्टी सार्थकी लागली असती.

किंडरडाइकपाशी लेक आणि नोर्ड या दोन नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे रॉटरडॅमपर्यंत त्यांना नवी मास म्हणतात. मला हरिपूरचा संगम आठवल्याशिवाय राहिला नाही. संगमेश्वराच्या घाटावर उभे राहिले की वारणेचे पाणी कृष्णेत मिसळताना दिसते, आणि पावसाळ्यात कोणत्या नदीला किती फुगवटा आहे यावर सांगलीची रात्र कशी जाणार ते ठरते. इथेही दोन नद्यांच्या बेचक्यात सखल जमीन आहे, आणि शेकडो वर्षे माणसांनी ती राखली आहे. आपल्या लोकांनी हे ठिकाण मुद्दाम पाहावे असे मला वाटते ते याच कारणासाठी. पवनचक्क्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण त्या तिथे कशासाठी आहेत हे छायाचित्रात दिसत नाही.

ही जमीन मुळात दलदलीची, कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची होती. मध्ययुगात माणसांनी चर खणून तिच्यातले पाणी काढले आणि शेती सुरू केली, परंतु पाणी काढलेली अशी माती सुकते, आकसते आणि खचते. जमीन खाली जात राहिली आणि बांधांमध्ये कोंडलेल्या नद्यांची पात्रे गाळाने वर येत राहिली. शेवटी अशी वेळ आली की शेतातले पाणी आपोआप नदीत उतरेना. मग ते उचलून टाकण्यासाठी 1738 ते 1740 या काळात इथे पवनचक्क्यांच्या दोन रांगा उभ्या राहिल्या. त्यांतल्या आणि आसपासच्या मिळून 19 आज शिल्लक आहेत आणि 1997 पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. एका कालव्याच्या बाजूला विटांच्या गोल चक्क्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला गवताने शाकारलेल्या अष्टकोनी चक्क्या आहेत. दोन्हींच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावरून चालताना उजवीकडे आणि डावीकडे वेगवेगळ्या सुतारांचे आणि गवंड्यांचे हात ओळखू येतात.

चक्कीच्या आत पिठाचे जाते असेल असे मला तोपर्यंत वाटत होते. प्रत्यक्षात तिथे लाकडी दातेरी चाके आहेत, आणि ती वाऱ्याची ताकद खाली एका मोठ्या वल्हेदार चाकापर्यंत पोचवतात. आपल्या रहाटाला जसे पोहरे असतात तसे त्याला नसतात. त्याच्या फळ्या पाणी पुढे ढकलत वरच्या पातळीवर चढवतात. असे एक चाक साधारण दीड मीटरच पाणी उचलू शकते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने वर न्यावे लागे : शेतातल्या चरांतून कालव्यात, कालव्यातून साठवणीच्या तळ्यात आणि नदीची पातळी उतरली की दरवाजे उघडून लेक नदीत. हे वाचताना म्हैसाळ आणि ताकारी या आपल्या उपसा सिंचन योजनांचे टप्पे माझ्या डोळ्यांसमोर आले. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून आपण ते कवठे महांकाळ आणि जतच्या कोरड्या रानापर्यंत नेतो, आणि मी ज्या बागांची द्राक्षे तपासायला रॉटरडॅमला जातो त्यांतल्या कितीतरी बागा त्याच पाण्यावर उभ्या आहेत. तिथल्या लोकांनी हीच मेहनत अडीचशे-तीनशे वर्षे पाणी घालवण्यासाठी केली आहे. दोन्हीकडे पाण्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध वर चढवावे लागले, आणि दोन्हीकडे ते एकेकट्या शेतकऱ्याला जमणारे नव्हते.

आता तिकिटाविषयी. पवनचक्क्यांमधून जाणारा रस्ता सर्वांना खुला आहे आणि तिथे पायी किंवा सायकलीवरून फिरायला काही पैसे पडत नाहीत. संग्रहालय केलेल्या दोन चक्क्या, वाफेवर चालणारे जुने उपसा केंद्र आणि कालव्यातली छोटी बोटफेरी यांसाठी मात्र तिकीट लागते. अनेक जण बाहेरूनच परत फिरतात. माझे प्रामाणिक मत असे की पहिल्या भेटीत तिकीट काढावेच. ते 1868 सालचे वाफेचे उपसा केंद्र पाहिल्याशिवाय वाऱ्यानंतर वाफ, वाफेनंतर डिझेल आणि वीज ही साखळी नीट लक्षात येत नाही, आणि आज प्रत्यक्ष काम करणारे प्रचंड मळसूत्री पंप तिथून जवळच दिसतात. छोटी बोटफेरी मात्र ज्याला चालता येते त्याने सोडली तरी फार चुकणार नाही, कारण तोच देखावा रस्त्यावरून अधिक सावकाश पाहता येतो.

संग्रहालय चक्कीत मी जवळजवळ तासभर होतो. जिना शिडीइतका उभा आहे, दोरीला धरून चढावे लागते, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तळमजल्यावरच थांबावे हे बरे. खोल्या गोल आणि इतक्या लहान आहेत की चूल, टेबल आणि खुर्च्या मांडल्यावर उभे राहायला जागा उरत नाही. झोपण्यासाठी भिंतीत कपाटासारखे कोनाडे आहेत आणि त्यांची लांबी पाहून कळते की माणसे त्यांत पाय पसरून झोपत नसत, उशीला टेकून अर्धवट बसून झोपत. अशा जागेत मोठमोठी कुटुंबे राहिली, मुले वाढली, आणि दाराबाहेर हातभर अंतरावरून चक्कीची पाती जमिनीला जवळजवळ घासत फिरत राहिली. म्हणून लहान मुलांना पात्यांपासून दूर ठेवण्यासाठी कुंपण घालावे लागे. मी आत असताना वारा वाढला. वरची लाकडी चाके करकरू लागली आणि सगळी इमारत, तिच्या विटा, तिच्या तुळया, तिच्या भिंतीवरची ताटे, एका संथ लयीत थरथरू लागली. तो आवाज मला फार आवडला. आजोळी रात्री उसाचा घाणा चालायचा, तेव्हा अंगणात झोपल्यावर असाच आवाज जमिनीतून कानाशी यायचा.

तिथे माहिती देणारे वयस्क गृहस्थ स्वयंसेवक होते. मी भारतातल्या पूर येणाऱ्या गावाहून आलो आहे असे सांगितल्यावर त्यांनी घाईने उत्तरे देणे सोडले आणि मला खिडकीशी नेले. पाती उभी-आडवी कशी थांबवली आहेत यावरून शेजाऱ्यांना निरोप देण्याची त्यांची जुनी पद्धत त्यांनी समजावून सांगितली : वर येणारे पाते टोकाला पोचण्याच्या थोडे आधी थांबवले तर घरात आनंदाची बातमी आहे, आणि टोक ओलांडून थोडे पुढे गेल्यावर थांबवले तर घरावर दुःख कोसळले आहे. बहुतेक चक्क्यांमध्ये आजही माणसे राहतात, त्यामुळे हा देखावा नसून कुणाचे तरी अंगण आहे हे भान ठेवावे, असेही त्यांनी सांगितले. दारांवरची टपालपेटी, दोरीवर वाळणारे कपडे आणि मागच्या वाफ्यातला कोबी पाहिला की ते भान आपोआप येते.

त्यांच्याकडून ऐकलेली दुसरी गोष्ट मी सांगलीत आल्यापासून बऱ्याच जणांना सांगितली आहे. तिथे पाण्यासाठी स्वतंत्र जलमंडळे आहेत, त्यांच्या निवडणुका होतात आणि प्रत्येक घर त्यांना वेगळा कर भरते. ही मंडळे तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत, म्हणजे शेजारी एकत्र येऊन बांध राखण्याची सवय त्यांच्या राज्याहूनही जुनी आहे. तरीही पाण्याने त्यांना सोडलेले नाही. 1953 साली 31 जानेवारीच्या रात्री समुद्राचे पाणी बांध फोडून आत आले आणि त्या देशात 1,836 माणसे गेली. त्या वेळी ते गृहस्थ दोन वर्षांचे होते आणि त्यांना त्यातले काही आठवत नाही, पण त्यांच्या आईने त्यानंतर आयुष्यभर रात्री उशाशी बूट ठेवले होते, असे ते म्हणाले. मी त्यांना आमच्या घरातली खूण सांगितली. 2019चे पाणी जिथपर्यंत चढले होते तिथे आईने भिंतीवर गेरूने रेघ ओढली आहे आणि रंगकामाच्या वेळी ती पुसू दिली नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. आम्हा दोघांचेही इंग्रजी त्यापुढे गेले नाही.

खाण्याची सोय हा या भेटीचा कमकुवत भाग आहे. जवळच्या एका उपाहारगृहात मी शाकाहारी काही मिळेल का असे विचारले. पाऊण तास थांबल्यावर चीज घातलेला थंड पाव आला आणि त्याची किंमत तशा पावाच्या मानाने अवाजवी होती. चहाही दुधाशिवाय मिळाला. मी हे तक्रार म्हणून कमी आणि सूचना म्हणून अधिक लिहितो आहे, कारण आपल्या माणसाने सोबत शिदोरी नेली तर हा प्रश्नच राहत नाही. माझ्या पिशवीत सांगलीहून नेलेले भडंग होते, शेंगदाण्याची चटणी होती आणि दोन संत्री होती. कालव्याच्या काठच्या बाकावर बसून मी ते सावकाश खाल्ले. रविवार असल्याने आसपासच्या गावातली दुकाने बंद होती. त्या भागात रविवार अजूनही देवाचा दिवस म्हणून पाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. बदकांची पिल्ले लव्हाळ्यातून ये-जा करत होती. वारा होता, आणि पाणी जवळजवळ काठोकाठ असूनही निश्चल होते. काठोकाठ भरलेल्या पाण्याशेजारी बसून मन शांत राहिल्याचा हा माझा सहा वर्षांतला पहिला अनुभव होता.

गावाच्या नावाची दंतकथा मी तिथेच वाचली. किंडरडाइक म्हणजे मुलाचा बांध. 1421 सालच्या नोव्हेंबरात सेंट एलिझाबेथच्या महापुराने या भागातली गावेच्या गावे बुडाली. वादळ ओसरल्यावर लोक बांधावर आले, तेव्हा त्यांना पाण्यावर तरंगत येणारा पाळणा दिसला. एक मांजर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उड्या मारत त्याचा तोल सांभाळत होते आणि आत मूल कोरडे झोपलेले होते. आपल्याकडे नदीत सोडलेल्या पेटीतून कर्ण अधिरथापर्यंत पोचला, तशी ही कथा. पुराच्या मुलखात माणसांना पाण्याने परत आणून दिलेल्या मुलाची कथा सांगावीशी वाटते, हे मला कळू शकते.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी नोंदवून ठेवतो. रॉटरडॅमहून थेट किंडरडाइकला जाणाऱ्या फेऱ्या हंगामात असतात. इतर महिन्यांत वाटेत बोट बदलावी लागू शकते, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी वेळापत्रक आदल्या रात्री पाहावे आणि परतीची फेरी आधी ठरवूनच निघावे. एप्रिलमध्येही कालव्यावरचा वारा कानात शिरतो. शीतगृहातली कानटोपी सुट्टीच्या दिवशीही बरोबर असू द्यावी. सकाळच्या पहिल्या बोटीने गेल्यास अकरापर्यंत रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो, त्यानंतर पर्यटकांचे गट येऊ लागतात आणि दुपारी चारनंतर पुन्हा शांत होते. एका दिवसात याच्या जोडीला दुसरे ठिकाण बसवण्याचा मोह टाळावा. सेवेची वक्तशीरता, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि प्रवासाचे सुख या तिन्ही बाबतींत वॉटरबसला मी पूर्ण गुण देतो. किंडरडाइकला खाण्याची सोय सोडून तसेच गुण देतो.

परतीच्या बोटीत मी आत बसलो नाही, मागच्या उघड्या भागात सायकलींशेजारी उभा राहिलो. तिथून आईला फोन लावला. तिने नेहमीप्रमाणे आधी जेवलास का हे विचारले आणि मग बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाली, "अरे, कुठे आहेस तू?" मी बोटीत आहे असे सांगितल्यावर ती काही क्षण बोलली नाही. मग तिने विचारले, "नदीला पाणी किती आहे?" मी कॅमेरा चालू करून फोन नदीकडे वळवला. तिने सांगलीतून ते रुंद, करडे, संथ पाणी पाहिले, समोरून येणारा बजरा पाहिला, त्याच्या खिडकीतला पडदा पाहिला, आणि तिथे राहणारी बाई स्वयंपाक कुठे करते असे विचारले. एरास्मस पूल येईपर्यंत ती पाहत राहिली.